पान वाढलंय

साओ पाउलोत, लिबेरदाजीच्या उतारावर,
किल्ल्या घासणाऱ्याच्या दुकानाला लागून
एक दार आहे. दार म्हणायचं आपलं.
वेल हाताने बाजूला सारायची,
कपाळावर काहीतरी ओलं टेकलं
की समजायचं, आत आलो.

अकरा खुर्च्या. कुंड्या किती, ते फुसायेबाईंनाही ठाऊक नाही.
मोजल्या की मरतात, म्हणतात.
सोया सॉसच्या डब्यांत, तोटी मोडलेल्या किटलीत,
कुणीतरी विसरलेल्या हेल्मेटमध्येसुद्धा
हिरवं काहीतरी तग धरून आहे.
छतावरून मुळं लोंबतात.
उंच माणसाने सूप जपून प्यावं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो.
दिवसभर बत्तीस-बत्तीस मजल्यांच्या काळोखात
दोरांशी बोलत बसतो, बोटांचं ग्रीस
साबणाला दाद देत नाही.
इथे मला नावाने कुणी हाक मारत नाही.
'लिफ्ट आली गं बाई,' फुसायेबाई स्वतःलाच सांगतात
आणि आत जेनिव्हाल्दो सुरी पुसायला घेतो.

जेनिव्हाल्दो सेआराचा. सतराव्या वर्षी
तीन दिवस बसमध्ये बसून आला,
एक पिशवी, बहिणीचा पत्ता, तोही चुकीचा.
जपान त्याने कॅलेंडरवर पाहिलाय.
पण भात मुठीत घेतो तो असा
की आत पिल्लू असावं.
स्वतःसाठी मिसोतली वांगी करतो,
वर भाजलेल्या कसाव्याचं पीठ भुरभुरतो,
फुसायेबाई नाक मुरडतात
आणि दोन घास खातात. तिसरा उभ्याने.

एकटं येणाऱ्याला इथे चहाच्या आधी
फवाऱ्याची बाटली मिळते
आणि एक झाड नेमून दिलं जातं.
मला नेचा. चौथी खुर्ची, खांबामागे.
पहिल्या दिवशी मी म्हणालो होतो,
मी गिऱ्हाईक आहे, माळी नाही.
'तोही गिऱ्हाईकच,' बाई म्हणाल्या,
'तुमच्या आधीपासून ताटकळलाय.'

त्याला चार वर्षं झाली.
कुठलं पान कडेने करपलंय,
कुठलं पंख्याकडे पाठ फिरवतं,
मला डोळे मिटून सांगता येईल.
कुणी विचारत नाही, ते बरंय.

मागच्या गुरुवारी झिमझिम लागलेली.
एका आजोबांना कुत्र्यासकट
एकोणिसाव्या मजल्याच्या मधोमध अडकलेल्या पिंजऱ्यातून
काढता काढता मला नऊ वाजले.
येऊन बघतो तर चौथ्या खुर्चीवर
कुणी अनोळखी बाई.
हातात माझी बाटली.
माझा नेचा नखशिखांत निथळतोय.

मी वेलीखाली तसाच.
'दोन आठवडे तोंड नाही दाखवलंत,' फुसायेबाई म्हणाल्या,
'त्याने तहान कुणाच्या खात्यावर लिहायची?'

पाचव्या खुर्चीवर बसलो. रागारागाने सोबा मागवला.
तिचं नाव जुरेमा. दातांच्या कवळ्या बनवते,
वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
न राहवून बोललोच,
'पानांवर खालून मारायचं पाणी. वरून नाही.'
'दातही मुळाशीच घासायचे असतात,' ती म्हणाली,
'पण ऐकतं कोण. ऐकलं असतं
तर मी उपाशी मेले असते.'

हसू आलं. चेहरा वाटीत घातला.

मग तिने काडीच्या टोकाने
खांबामागची फट दाखवली.
तिथे, तपकिरी लव ल्यालेलं,
स्वतःभोवती घट्ट गुंडाळलेलं काहीतरी.
नवजात बाळाचा कान असतो, तेवढंच.
मागच्या खेपेला नव्हतं. की होतं
आणि मला दिसलं नव्हतं?

दोघंही वाकलो. डोक्यावर डोकं आपटता आपटता राहिलं.
छतावरचं एक मूळ तिच्या मानेवर ठिबकलं,
ती हलली नाही.

जेनिव्हाल्दोने काउंटरवर वाट्या सरकवल्या.
फुसायेबाईंनी आवाज दिला,
'चला, पान वाढलंय!'

'हो,' जुरेमा म्हणाली, अजून वाकलेलीच,
'तेच तर बघतोय.'