पिवळी पट्टी

पांढरी, पिवळी, पांढरी.
बीचच्या राखाडी सालीवर तीन रेघा,
एकाखाली एक, चार बोटं रुंद.
दिसत राहिल्या की समजायचं, वाट चुकलेली नाही.
मिल्का प्रत्येक खुणेला हात लावते, मोठ्यानं मोजते.
सदतीसनंतर आकडे विसरली
आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

फाटकापाशी पाटी होती :
लहान मुलांसह दोन तास चाळीस मिनिटं.
पाटी लिहिणाऱ्याला मुलं नसावीत.
वाटेत मुंग्यांचं वारूळ, पाइनच्या सुयांचं,
माझ्या कंबरेएवढं; तिथे अर्धा तास.
ग्न्येव्कोच्या बुटात खडा,
मग दुसऱ्या बुटात खडा,
मग खडा नव्हताच, नुसतं बसायचं होतं.
सासरे मागून येतात, काठी आधी, गुडघा नंतर.
त्यांचा मुलगा या महिन्यात नॉर्वेत मासे कापतोय.
फोनवर म्हणाला, बोग्ना, बाबांनाही ने,
दिवसभर नुसते उंबऱ्यावर बसून असतात.

किल्ला म्हणजे दीड भिंत
आणि कुठेच न जाणारा जिना.
जिन्याच्या पायथ्याशी लाकडी पेटी, पेटीत शिक्का,
वहीत उमटवायचा, आलो होतो म्हणून.
शाई सुकून खडखडीत.
मिल्कानं वाटेवरच्या मूठभर जंगली बेरी
शिक्क्यावर चिरडल्या आणि दाबला.
जांभळा किल्ला उमटला, एका बाजूनं ओघळलेला.
आम्ही उकडलेली अंडी खाल्ली, खारवलेली काकडी,
थर्मासमधला लिंबाचा चहा झाकणातून आळीपाळीनं.

उतारावर वाट एका जुन्या दफनभूमीतून जाते.
नकाशावर छोटा क्रूस आहे, पाटीवर काहीच नाही.
आयव्हीखाली दगड,
दगडांवर कोपऱ्याकोपऱ्यांची जर्मन अक्षरं.
मिल्कानं सर्वांत बुटका दगड शोधून काढला.
ग्न्येव्कोनं वजाबाकी केली : सहा.
"माझ्याएवढी," मिल्का म्हणाली,
आणि पाठीला पाठ लावतात तशी
दगडाला लावून उंची मोजली.

शेजारी नुसता चौथरा. मधे खाच, दगड नाही.
सासरे तिथे थांबले. काठीनं खाचेतली पानं काढली.
"इथला आपल्याकडे आहे," म्हणाले.
कुणी काही विचारलं नव्हतं.

"उंबरा. पालथा घातलाय, अक्षरं मातीकडे.
बाबांनी हातगाडीवर आणला. मी मागून ढकलत होतो,
दहा वर्षांचा.
आम्हालाही पूर्वेकडून मालगाडीत भरून आणलेलं,
घर दुसऱ्यांचं, फडताळात त्यांच्याच ताटल्या.
दारात चिखल व्हायचा.
बाबा म्हणाले, दगड तो दगड."

अकरा वर्षं मी तो उंबरा पुसतेय.
त्यावर अक्रोड फोडलेत,
मिल्काला पहिल्यांदा बूट घातले ते त्यावर बसवूनच.
माझ्या तोंडून निघालं ते फक्त,
"चहा संपलाय."

"नाव काय होतं?" मिल्कानं विचारलं.
"मला वाचता येत होतं तेव्हा," सासरे म्हणाले,
"पण मी वाचलं नाही."

परतीच्या वाटेवर खुणा कुणी मोजल्या नाहीत.
ग्न्येव्को आजोबांच्या पुढे चालत होता,
आडव्या फांद्या हातानं धरून ठेवत,
ते पुढे जाईपर्यंत.

घर आलं. मिल्कानं उंबऱ्यावरून उडी मारली.
ग्न्येव्कोनंही.
मी लांब टांग टाकली, पिशवीसकट, कशीबशी.
सासरे बाहेरच.
"पहार कुठे ठेवलीय?"
म्हटलं, उद्या बघू, अंधार पडतोय, गुडघा बघा तुमचा.
"उद्या, उद्या," ते म्हणाले,
आणि स्वतःच शेडकडे वळले.

मग मी शेजारच्या लेशेकला हाक मारली.
ग्न्येव्कोनं टॉर्च धरलाय, तो हलतोय.
पहार कडेखाली गेली, माती सुटली,
गांडुळं, एक जुनं बटण.
मिल्का उकिडवी बसलीय,
न धुतलेलं जांभळं बोट पुढे करून,
झाडावरच्या खुणेला लावायची तसं.
"हळू," सासरे म्हणतायत,
"हळू, रे बाबांनो, हळू."