सात नंबरची टोपी

भवानी पेठेत माझं मशीन,
शेजारी टेरी टॉवेलचा रिजेक्ट माल, किलोवर आणलेला.
शाळेचे गणवेश संपले की दिवाळीपर्यंत
मी काहीही शिवतो.
मिक्सरला झगा, सिलिंडरला परकर,
एकदा तर हार्मोनियमला शेरवानी.

तरी उदगिरी साहेबांनी कटिंगच्या टेबलावर
नऊ लोखंडी काठ्या आडव्या टाकल्या
आणि म्हणाले, "ह्यांच्या डोक्यांना टोप्या पाहिजेत, इरण्णा,"
तेव्हा मी चष्मा काढून पुसला.

लोखंडाला?

लाकडाचं समजतं. लाकूड फुगतं, चिरतं, मनाला लावून घेतं.
पण ह्यांचा धंदाच माती खायचा,
मुरमावर आपटायचा, चेंडूच्या आधी खड्याला भेटायचा.
होटगी रोडच्या पलीकडं माळावर त्यांचं मैदान.
गवत औषधाला नाही,
तेलात मुरवलेल्या काळ्या वाळूला ते ग्रीन म्हणतात.

"पिशवीत एकमेकांवर आदळतात," साहेब म्हणाले,
"पोचे पडतात. मुलीनं दिलाय सेट. पहिल्या पगारातनं."
मग मी काही बोललो नाही.
टेप काढली.

निळ्या टेरीत नऊ टोप्या, आत अस्तर,
पांढऱ्या धाग्यानं आकडे.

कुमठेकर वकील पहिल्याच दिवशी हसले म्हणे:
"काय ओ, बालवाडी सोडायला आलाय का?"
त्यांच्या मते टोप्या काढा-घालण्यात मागचे लोक खोळंबतात,
झाकलेला घाम आतनं गंज धरतो,
आणि ओरखडा नसलेलं लोखंड म्हणजे
कोर्टाची पायरी न चढलेला वकील.

पिशव्या वाहणाऱ्या सैपनची तक्रार वेगळीच.
"खणखण गेली की ओ अण्णा.
आधी चालताना पाठीवर बाजार भरल्यागत वाटायचं.
आता मुकं ओझं.
मुकं ओझं जास्त जड लागतंय बगा."

रात्री मी कात्री तेलाच्या फडक्यात गुंडाळली,
रोज गुंडाळतो तशी,
आणि फळीवर अप्पांचा धोटा दिसला.
अंगभर चरे, टोकाचं पितळ झिजलेलं.
त्याला मी कधी चिंधीसुद्धा पांघरली नाही.
कात्रीवर उद्याची भाकरी आहे म्हणून असेल.
का धोट्याला आता काही होऊच शकत नाही म्हणून?
झोप लागली.

दसऱ्याच्या आधी साहेब आले.
आठ आहेत, सात नंबर गेली.
खड्डा न् खड्डा शोधला, काटेरी बाभळीखालीसुद्धा.

ती मला दिसली पार्क चौकात, लाल सिग्नलला.
सैपनची सायकल. कॅरिअरवर त्याची पोरगी.
तिच्या पायाशी दोरीनं बांधलेला विळा,
आणि विळ्याच्या तोंडावर
निळी टोपी, चापून बसवलेली.
माझा ७. तसाही तो आकडा विळ्यासारखाच.
पोरगी पाय हलवत होती, टाच टेरीला घासत होती,
तिला त्याचं काहीच नव्हतं.

सैपननं मला बघितलं.
मी सिग्नल बघितला.

नवी टोपी शिवताना साहेबांना विचारलं,
"उपयोग होतो का ओ खरंच?"
"काय माहीत," म्हणाले. "चेंडू जायचा तिकडंच जातो.
पण मुलगी फोनवर आधी काठ्यांची चौकशी करते,
मग माझ्या गुडघ्याची.
चांगल्या आहेत म्हणून सांगता येतं."

पैसे घेतले नाहीत. रिजेक्ट माल आहे, म्हणालो.

उरलेल्या तुकड्यात आणखी एक शिवलंय,
वाकडं, लांबट, दुहेरी अस्तराचं,
आकडा न घातलेलं.
मशीनच्या चाकाला अडकवून ठेवलंय.
सैपन दोनदा दुकानावरनं गेला,
दोन्ही वेळा पलीकडच्या बाजूनं.