काय हा अवतार

डर्बी स्टेशनच्या काचेआड ती उभी असते,
निळ्या कोटातली, वय न झालेली.
केस तिचे हलत नाहीत,
पण हात माझे आहेत.

चार मंगळवार गेले त्यात.
गावाबाहेरच्या एका गोदामात
अंगाला चिकटणारा काळा पोशाख,
त्यावर राखाडी गोळ्या, देवी आल्यासारख्या,
आणि बोटाबोटांवर ठिपके.
आरशात बघून मी स्वतःलाच म्हटलं,
काय गं बाई हा अवतार!
नंतर कळलं, कंपनीतही तिला
याच नावाने ओळखतात.

इमोजेन, तेवीसची असेल, पडद्यामागून खुणावायची: परत.
गाडी उशिरा येत आहे. परत.
फलाट बदलला आहे. परत.
'सहा' कुठला घ्यायचा यावर अर्धा दिवस गेला:
ब्रॅडफर्डचा सहा वेगळा, इथला वेगळा,
आणि माझ्या हाताला आधी मिरजेचाच येतो.

मिरजेच्या शाळेत हात मागे घेऊन बसायचं.
बाई सांगायच्या, ओठ बघा.
ओठांवर बाबा, पापा, मामा
सगळे एकच.
मधल्या सुट्टीत नळाच्या मागे
आम्ही मुली बोलून घ्यायचो, भराभर,
डब्यातली चटणी बोटांना तशीच.
एकदा सापडले.
फूटपट्टी आडवी नाही, उभी पडली.
उजवी करंगळी तेव्हापासून जरा बाहेर बघते.
मुलींनी तेच माझं नाव ठेवलं:
वाकडी करंगळी, एकदा हलवून.
रेशनकार्डावर दुसरं आहे,
पण त्या नावाने कुणी हाक मारली
तर मला कुठे ऐकू येणार?

पडद्यावर ती करंगळी सरळ आहे.
इमोजेनने दाखवलं मला, आनंदाने,
एका क्लिकमध्ये कशी साफ झाली.
भुवया मात्र जमल्या नाहीत त्यांना.
भुवई न उचलता विचारलेला प्रश्न
आमच्यात प्रश्नच नसतो,
म्हणून 'मदत हवी आहे का' असं ती विचारायला जाते
आणि मदत हवी आहे, असं सांगून बसते,
दिवसभर, येणाऱ्याजाणाऱ्यांना.

आज शेफील्डची गाडी लांबली.
बाकावर शेजारी मिस्टर हॅलम,
ऐंशीचे, जन्मापासून आमच्यातले,
सँडविचचा कागद उलगडत तिच्याकडे बघत होते.
ती मूठ छातीवर फिरवत होती,
गोल, सावकाश.
दिलगीर आहोत.

ही एक खूण माझ्याकडून चौदा वेळा करून घेतली.
तेरा वेळा इमोजेन म्हणाली,
मनापासून वाटत नाही गं.
चौदाव्या वेळी मी बाईंना डोळ्यांपुढे आणलं,
खडूने पांढरा झालेला पदर, चष्म्याची दोरी,
आणि ही मूठ त्यांचीच, छातीही त्यांचीच
असं धरून हात चालवला.
ओके, म्हणाली, हीच ठेवू.

तेव्हापासून रोज दोनशे वेळा
बाई माफी मागतात
डर्बीच्या फलाटावर, कुणाकुणाची,
रुळावरच्या पानांसाठी,
न आलेल्या ड्रायव्हरसाठी,
सिग्नलच्या बिघाडासाठी.
त्यातली एखादी माझ्या वाट्याची असेल
म्हणून मी लवकर येऊन बसते.

हॅलमनी कोपराने ढोसलं.
एका हातात सँडविच, म्हणून दुसऱ्याच हाताने,
बोबडं बोलल्यासारखे बोलले:
बाराच मिनिटं तर आहेत.
एवढं काय मनाला लावून घेतलंय हिने?

मी हसले, मग उठले,
करंगळी काचेला टेकवून एकदा हलवली.
काच गार होती.
तिकडे ती सहाचा आकडा करत होती,
इथला.
हॅलमनी तो बघितला, मान डोलावली,
आणि कागदाची घडी करत
सहाकडे चालू लागले.