चावी

एकतीस वर्षं मी ठाण्याला पाणी सोडलं.
पहाटे चार चाळीसला
रस्त्याच्या पोटावरचं झाकण उचलायचं,
लांब दांड्याची चावी आत घालायची,
बावीस आटे डावीकडे.
मग कान लावायचा.
आधी हवा येते, खोकत,
तिच्यामागून पाणी.
शिवाईनगर, वर्तकनगर, उपवनची खालची बाजू –
सगळ्या टाक्या माझ्या मनगटावर भरायच्या.

पाणी पाहिलं असं मात्र नाही.
पाहिला तो काट्यावरचा दाब.

आता निवृत्त. डॉक्टर म्हणाले, चाला.
म्हणून भाद्रपदातल्या एका रविवारी
येऊरच्या नाक्यावर वहीत नाव लिहिलं
आणि नऊ अनोळखी माणसांच्या मागे दहावा झालो.
पुढे सोमी धांगडा.
कमरेला कोयती, पायात प्लास्टिकची चप्पल.
त्या चपलेमागे आमचे महागडे बूट घसरत होते.

ती फार बोलत नाही, बोट दाखवते.
हा कुडा. ही कळलावी, हात नका लावू.
या जाळ्यात बाई बसलीय,
नवरा तो, कोपऱ्यातला ठिपका.
एका पोरानं विचारलं, बिबट्या दिसेल?
म्हणाली, त्याला तुम्ही दिसलात ना, झालं.

ओढा आधी तळव्यांना कळला.
वाट ओली, मग गार, मग वाटच पाणी.
दगडाखालून एक मुठा नांगी उगारून आला,
हद्द सांगून गेला.
पलीकडच्या कारवीत भेकर भुंकलं, एकदाच,
रागानं दार आपटावं तसं.

आणि धबधबा.
मोठा नाही, दोन मजल्यांचा.
बाकीचे फोटोंत गुंतले, मी हिशेबात.
सवयच ती:
एवढी धार, एवढा वेग, दोन वेळा सोडलं तर
चौदा इमारती, वर एक शाळा.
मग धारेत हात घातला
तर हात मागे फेकला गेला.
आटे कुठेच नव्हते.
हे पाणी कुणी सोडलेलं नव्हतं.

चढावर वाघोबाचा दगड, शेंदूर ताजा.
पुढ्यात, चिखलात, पंजा.
चार बोटं, नखं आत घेतलेली,
टाचेच्या खळग्यात वाटीभर पाणी
आणि वाटीत एक पाणकिडा
फेऱ्या मारतोय, घाईत, कामावर असल्यासारखा.
सोमीनं वळसा घातला,
उंबऱ्यात झोपलेल्या माणसाला घालतात तसा.

मजा आहे तुमची, कुणीसं म्हणालं, पाणीच पाणी.
दिवाळीपर्यंत, ती म्हणाली. फाल्गुनात या.
ओढ्यात खड्डा खणून बसतो आम्ही.
वाटीनं हंडा भरायचा, अर्धी रात्र जाते.
पल्याडच्या काठावर तोही येतो प्यायला.
आधी कोण, ते ठरलेलं आहे.
पाड्यानं अर्ज केलेला नळासाठी. दोनदा.

तो अर्ज मला आठवतो.
पिवळी फाईल, बारा अंगठे, सात सह्या.
साहेबांनी विचारलं, वर चढेल का रे?
मी काटा पाहून सांगितलं, दाब नाही, नाही चढणार.
खोटं नव्हतं ते.
पंप बसवला तर चढेल, हे कुणी विचारलं नाही,
आणि विचारल्याशिवाय बोलायची
मला नोकरीत सवय लागली नाही.
त्याच वर्षी, त्याच डोंगराला, पाड्याच्याही वर,
एका बंगल्याच्या पोहायच्या तलावासाठी
चावी मीच फिरवली होती.
तिथे पंप होता.

उतरताना तिनं विचारलं,
बाबा, तुम्ही काय काम करायचात?
म्हटलं, चावी फिरवायचो.
कुलपांची?
झाडीत शीळकरी कस्तूर
एक सूर अर्धा म्हणून सोडून देत होता,
पुन्हा पहिल्यापासून.
मी म्हणालो, हो.

मला दम लागलेला पाहून
तिनं तिची बाटली पुढे केली, घरून भरून आणलेली.
मी मोजून दोन घोट घेतले,
झाकण उजवीकडे घट्ट फिरवलं
आणि परत दिली.