छाट

सकाळी पुराव्याचा कायदा, दुपारी घोषणा.
एकाच डिग्रीत दोन्ही बसवलंय,
सात रस्त्यावरून एका रिक्षात आम्ही सहाजणी बसतो तसं.

सरांनी काम दिलंय:
प्रभागातल्या उमेदवारासाठी तीन मिनिटांचं भाषण.
मी लिहिलं, ‘सोलापूरला रोज पाणी!’
आणि टाळीपुरती जागा सोडली.

आई विड्या वळतेय. सूप मांडीवर,
पानं ओल्या फडक्यात, मोजणं तेलुगूत.
कारखान्यात चेकर हजारातल्या साठ-सत्तर मोडून टाकतो.
त्याला छाट म्हणतात. कारण विचारायचं नसतं.

भाषण ऐकून म्हणाली,
‘रोज म्हंजे कुठल्या वारी?’
आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री अडीचला.

करार कायद्याचं पुस्तक उघडलं.
प्रतिफल नसेल तर वचन बांधील नाही.
आणि मत हेच प्रतिफल धरलं
तर ती लाच.
हे तिला तेलुगूत सांगता येईना,
मराठीतही येईना.

तिनं कागद घेतला,
पानासारखा उजेडात धरला.
वाचता येत नाही तिला.
‘यातल्या किती मोडशील?’

‘रोज’ खोडलं.
भाषण एका सेकंदानं कमी झालं.
टाळीची जागा तशीच आहे.
नळाला अजून दोन रात्री.