दहा मिलिमीटर

लोकांच्या मागे शनी लागतो,
मी शनीच्या मागे लागले होते.
म्हणून शनिवारी सकाळीच तिब्लिसीच्या कोरड्या पुलावर,
जिथे आन्झोर जुन्या लाडाच्या बॉनेटवर
हिरवं फडकं अंथरून नेत्रिका मांडतो:
पितळी, काळ्या, एक तर खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत.
शेजारी पदकं, समोवार, बाहुलीचा एक हात.

म्हटलं, चार मिलिमीटरची द्या.
मोठा हवाय मला.

त्यानं माझ्या पापण्यांकडे पाहिलं.
"नळी केवढी?"
बाराशे.
"म्हणजे तीनशे पट. आणि बघतेस कुठून?"
नाखालोव्कात, घराच्या पत्र्यावरून.
"दिवसभर तापलेला पत्रा रात्रभर वाफ सोडतो, पोरी.
वाफही तीनशे पट होते.
उकळत्या पाण्यात खिंकाली हलते ना, तसा दिसेल तुझा शनी.
शिवाय ही काच मुगाएवढी.
पापण्या घासून घासून तेलकट करशील."

मग दहाची हातात ठेवली.
कडेला ओरखडा होता.
"असू दे. ग्रह मधोमध धरायचा असतो.
आत चारच भिंगं. काच कमी, तितका उजेड कमी सांडतो."
वीस लारी म्हणाला, पंधरावर आला.
सहाची मात्र विकेना.
मग मांडता कशाला?
"नाही मांडली तर लोक म्हणतील, याच्याकडे नाही."

रात्री ती कोटाच्या खिशात ऊबेला ठेवली,
गार काचेवर श्वास बसतो म्हणून.
शनी दिसला: तांदळाची कणी.
पंधरा लारींची कणी.
खालच्या मजल्यावर मांझाना अजून पाव भाजत होती,
तिच्या धुराड्यातून कणी हलायची, वितळायची,
परत गोळा व्हायची.
मी डोळा काढला नाही. मान अवघडली.
केव्हातरी खाली चूल विझली असावी.

आणि कडं दोन झालं.
मध्ये काळी फट, केसाएवढी,
कुणी टोकदार पेन्सिलीनं न चुकता ओढलेली.
आणि पुन्हा धूसर.

पुढच्या शनिवारी मी सहाची मागायला गेले.
आन्झोर सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.
"फट दिसली?"
दिसली.
"किती वेळ?"
एक, दोन म्हणेपर्यंत.
त्यानं टरफलं पायाशी झटकली.
"मग सहाची घेऊन काय करशील?
मांझानाला सांग, चूल लवकर विझव."
आणि फडक्याचं एक टोक ओढून
सहाची झाकून टाकली.