प्रतवारी

लोफोटेनच्या धक्क्यावर, लाकडी गोदामात
तोरब्योर्ग वाळलेला कॉड पारखते.
नाक मानेपाशी, अंगठा पोटाच्या कडेला,
एक टिचकी,
आणि मासा आपल्या ढिगात जाऊन पडतो.
वीस प्रती. चूक क्वचित.
थंडी कशी गेली, हे ती माशाला विचारत नाही.

माणसांचं निघालं की मात्र म्हणते,
आपण कोण बोलणारे?

योस्टाइन सोळा वर्षांचा होता.
आयलर्टने त्याला मार्चच्या वादळात धाडला,
अंगावर उसवलेलं जीवरक्षक जाकीट.
गावाने कॉफी ओतली.
वारा फिरला, म्हणाले सगळे.
तीही म्हणाली.

आज आयलर्ट माल घेऊन आला.
तिने पहिला मासा हुंगला. अव्वल निघाला.
अव्वल ढिगात ठेवला, त्यात खोट नाही.
मग एप्रनला हात पुसत म्हणाली,
"जाकीट उसवलंय, हे तुला ठाऊक होतं."

मी वजनं लिहीत होतो. आकडा अर्धाच राहिला.

तो दाराकडे बघत राहिला.
बाहेर सीगल पक्ष्यांची भांडणं चालूच.
ह्याला कुठल्या ढिगात टाकायचं,
ते तिलाही ठरवता येईना, दिसत होतं.
पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी त्याला हातात घेऊन पाहिलं होतं.

"पुढचा दे," ती म्हणाली.
अंगठा थरथरत होता.